पाचवी कडी

“ह्येबी न्हाय चालायचं,” विजयसिंह म्हणाले आणि यंत्रावर टेकवलेला हात त्यांनी पँटला पुसला.

आकारामनं कपाळावर हात मारला. सकाळपासून हे दुसरं. पहिलं यंत्र बॅटरी खातं म्हणून नापास. दुसऱ्याची मोटर डेकच्या खाली बसते, तिच्यावर ओल्या साखळीचं पाणी ठिबकणार, म्हणून तेही नापास. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत त्याचं वर्कशॉप सोळा वर्षं चालू होतं. कोकणातले मच्छीमार यायचे, पाच मिनिटांत यंत्र उचलून जीपमध्ये टाकायचे. आणि हे कोल्हापूरचे पावणे, समुद्रापासून चार तासांवर राहून त्याचीच परीक्षा घेत होते!

कोल्हापुरात नांगर म्हटलं की शेतातला. विजयसिंहांना मात्र बोटीचा नांगर साखळीसकट वर ओढणारं यंत्र हवं होतं. साखर कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी शिवाजी पेठेत, घरामागच्या मोकळ्या जागेत, बत्तीस फुटी बोट बांधायला घेतली. सगळ्या पेठेनं टिंगल केली. सात वर्षांनी आता बोट उभी होती. शीड झालं, सुकाणू झालं, आत झोपायच्या दोन फळ्याही झाल्या. राहिलं होतं एवढं यंत्र. ते बसलं की बोट मालवणला न्यायची आणि पाण्यात सोडायची.

त्यांचा मुलगा ऋतुराज मागं उभा होता. पुण्याला नोकरी करायचा. आई गेल्यावर वर्षातून दोनदा यायचा, तेही पाय लावून पळायचा. बोट सुरू झाली, फळी धरायला कुणीतरी पाहिजे म्हणून वडिलांनी, आबांनी, बोलावलं, आणि तेव्हापासून त्यानं एक रविवार चुकवला नव्हता. आज मात्र आबांनी यंत्र नापास केलं की त्याला हायसं वाटत होतं.

“आबा, ह्ये बगा.” आकारामनं तिसरं यंत्र पुढं ओढलं. “मोटर वरच्या अंगाला, पाण्यापास्नं लांब. बॅटरी बसली तर हातानं फिरवायला हँडल हाय. आता ह्यात काय खोट काढशीला?”

विजयसिंहांनी यंत्राभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग पोत्यातून हातभर साखळी काढली. बोटीवरचीच होती, घरून आणलेली.

“चाकात बसतीया का बगू.”

यंत्राच्या चाकाला खाचा असतात. साखळीची एकेक कडी त्यात बसावी लागते. वाऱ्यात एक जरी कडी उडाली तरी साखळी सुटते आणि बोट खडकावर जाते. चार कड्या बसल्या. पाचवी खट्‌कन उडाली.

“बगा! मी म्हटलंच की. चल रं ऋतू.”

“थांबा की वो.” आकारामनं ती कडी उजेडात धरली. “ही चेपलीया, आबा. ताजा हातोडा लागलाय हिला.”

“पडलं असंल कायतरी.”

आकारामनं आपल्या रॅकवरची, त्याच मापाची साखळी चाकावर घातली. एकामागून एक सगळ्या कड्या गपगुमान बसल्या. विजयसिंहांनी वाकून चाकाची एकेक खाच बोटानं चाचपली.

“झालं की मग!” आकाराम खूश झाला. “मंगळवारी माणूस घिऊन पेठेत येतो आन् बसवूनच देतो. म्हैनाअखेर बोट पाण्यात!”

“हात धुऊन येतो,” म्हणत विजयसिंह मागच्या नळाकडं गेले.

ते आड होताच ऋतुराज पुढं झाला. “भाऊ, पाया पडतो. हे यंत्र देऊ नका.”

“का वो?”

“बोट बाहेर निघतच नाही. सुरू केली तेव्हा शेजारचा प्लॉट मोकळा होता. आता तिथं तीन मजली इमारत उभी आहे. बोळ आठ फुटांचा, बोट अकरा फूट रुंद. आबा म्हणतात, क्रेननं उचलू. मी गेल्या महिन्यात तीन क्रेनवाल्यांना विचारलं. बोळात क्रेनच शिरत नाही.”

“मग सांगा की त्यास्नी.”

“कसं सांगू? दिवाळीत हार्टचा झटका येऊन गेलाय. सात वर्षं राबलाय तो माणूस. हे कळलं तर जागेवर कोसळेल.” ऋतुराजनं नळाकडं नजर टाकली. “माल नाही म्हणा. काहीही म्हणा.”

आकारामनं डोकं खाजवलं. धंद्यात तो काही अगदी धुतल्या तांदळासारखा नव्हता, पण माल पुढ्यात असताना नाही म्हणायची ही पहिलीच वेळ.

विजयसिंह हात झटकत आले.

“आबा, घोळ झाला,” आकाराम म्हणाला. “ह्यो पीस देवगडच्या पार्टीनं सांगून ठिवलाय. माझ्या ध्येनातच न्हाय ऱ्हायलं. दुसरा कराय चार म्हैनं लागतील.”

“मग दाखवलास कशाला?” विजयसिंह एवढ्यानं ओरडले की लेथवरच्या कामगारानं मशीन बंद केलं. “सकाळपास्नं खेळ लावलायस व्हय?”

ऋतुराजनं घाईघाईनं त्यांचा दंड धरला. “असू दे, आबा. चार महिने असे जातील. तोवर रंगाचा अजून एक हात मारू. मी येतोच की रविवारी.”

“येशील न्हवं?”

“येणार म्हणजे येणार. थांबा, गाडी वळवून आणतो.”

तो बाहेर पडला. आबांना फसवल्याचं वाईट वाटत होतं, आणि निभावलं म्हणून छातीवरचं ओझंही उतरलं होतं.

विजयसिंहांनी चेपलेल्या कडीची साखळी पोत्यात भरली. दारातून वाकून बघितलं. गाडी वळत होती. मग ते आकारामच्या अगदी जवळ आले. आवाजात रागाचा मागमूस नव्हता.

“चार न्हाय, आठ म्हैनं लाव,” ते म्हणाले. “क्रेनवाला दोन वर्सांमागंच येऊन बघून गेलाय, बोट काय तितनं निघत न्हाय. पर पोराला कळू देऊ नगंस. बोट झाली, की त्यो रविवारचा यायचा बंद हुईल.”