मोहरीएवढं भोक

शाळेतल्या आरोग्य तपासणीत चैत्रालीच्या छातीत कसलासा आवाज ऐकू आला, त्या दिवसापासून मम्मीनं तिला साधी पाण्याची कळशी उचलू दिली नव्हती. मग खो-खो तर लांबच. आणि शनिवारी तालुक्याची फायनल!

आज मिरजेच्या डॉक्टरांनी मशिनवर तिचं हृदय नीट बघितलं. "भोक आहे, पण मोहरीएवढं," ते म्हणाले.

मम्मीनं पदराचं टोक मुठीत आवळलं. "एवढुसं, मग आवाज एवढा मोठा कसा हो?"

"पाण्याच्या पाइपचं तोंड बोटानं दाबलं की धार कशी जोरात फुसफुसते? तसंच हे. वाट बारीक, म्हणून आवाज जास्त. हृदय ठणठणीत आहे. वर्षातनं एकदा दाखवून जा, बास."

"आणि खो-खो?" चैत्रालीला दम निघेना.

"खेळ की! कोण अडवतंय?"

चैत्रालीनं मम्मीकडे बघितलं. मम्मी फाइल उचलून बाहेर निघालीसुद्धा. दवाखान्याच्या आवारात आल्यावर मात्र तिनं हातातली फाइल बाकावर ठेवली. "त्या गेटपर्यंत पळून दाखव मला."

चपला भिरकावून चैत्राली जी सुटली, ती गेटला हात लावून, वॉचमनकाकांची ओरड खाऊनच परत आली. "बघितलंस? काही झालं का मला?"

मम्मीनं चेहऱ्यावरचे दोन्ही हात हळूच खाली घेतले.

"परत पळ गं," ती म्हणाली. "मगाशी डोळे मिटून घेतले होते मी."