काचेतला डाग

“मान हलवून बघ, कुमुद. डाग मानेबरोबर सरकला तर तो काचेतला, जागीच राहिला तर चंद्राचा.”

यजमान जाऊन वर्ष झालं, तरी दर संकष्टीला व्हीआर चष्मा चढवताना कुमुदिनीबाईंना हे शब्द ऐकू येत. शहरावर धुळीचं छत कायमचं बसल्यापासून चंद्रदर्शन असंच व्हायचं. त्यांच्या इमारतीची गच्ची तेवढी धुळीच्या वर होती. तिथल्या कॅमेऱ्यातून चंद्र घराघरांतल्या चष्म्यांत उतरायचा.

आज चंद्राच्या गालावर काळा ठिपका होता. त्यांनी थकलेली मान वळवली. ठिपकाही सरकला.

“रेवती, काचेतला एक पिक्सेल मेलाय गं.”

सुनेनं चष्मा घेऊन दुरुस्तीचं बटण दाबलं. “घ्या आई. त्यात आता शेजारचा रंग भरलाय. मोदक गार होतायत.”

बाईंनी पुन्हा पाहिलं. ठिपका गेला होता, पण चंद्र घासलेल्या ताटलीसारखा कोरा झाला होता.

“अगं, ससा कुठे गेला?”

“चष्म्यानं त्यालाही मेलेलाच समजलं असेल! बिनडागाचा चंद्र मिळालाय, तरी तुमची तक्रार. सोडा आता उपास.”

कुमुदिनीबाई थकून हसल्या. उपासानं पाय जड झाले होते, आणि लिफ्ट गच्चीच्या बरीच खाली थांबायची. पण चंद्र पाहिल्याशिवाय घास घेणार नाही, असा शब्द त्यांनी यजमानांना शेवटच्या आजारात दिला होता.

त्यांनी चष्मा देवापाशी ठेवला, अर्घ्याचं ताम्हन पदराआड धरलं आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.