चौदा मार्च

रेन्स्केनं दारातच हातमोजे काढून खिशात कोंबले आणि गोलाच्या डाव्या टोकापासून सुरुवात केली. आजींचा नव्वदावा वाढदिवस. खुर्च्या नेहमीसारख्या गोल मांडलेल्या, प्रत्येकाच्या मांडीवर कॉफीची बशी. आलेल्यानं एकेकाचा हात हातात घ्यायचा आणि ज्याचं त्याचं त्याच्या नात्यानं अभिनंदन करायचं.

"अभिनंदन, डाऊवे, आई नव्वदीची झाली. अभिनंदन, तिनेके, सासूबाईंबद्दल." नातवंडांचं आजीबद्दल. शेजारणीचंसुद्धा, शेजारणीबद्दल.

"या, प्रोफेसर," डाऊवे म्हणाला.

"या, प्रोफेसर," तिनेके म्हणाली, आणि तिला दाराजवळची खुर्ची दाखवली.

एकतीस वर्षं हे असंच चाललेलं. पण तेव्हा पुढे निंके असायची. आजींची लेक, डाऊवेची बहीण आणि रेन्स्केची बायको. निंकेचं अभिनंदन होताना मागे उभं राहिलं, की त्यातलं थोडं आपल्याही वाट्याला आलं असं रेन्स्केला वाटायचं. निंके मागच्या हिवाळ्यात गेली. आज पुढे कुणी नव्हतं.

कायद्यानं रेन्स्के या घरची सून होती. दोन बायकांना लग्न करू देणारा तो कायदा व्हावा म्हणून जी माणसं झिजली त्यांत तीही एक. अठ्ठावीस वर्षं तिनं विद्यापीठात तोच विषय शिकवला. कालच तिचं निरोपाचं व्याख्यान झालं, काळा झगा घालून, आणि शेवटी चारशे माणसं उठून उभी राहिली. पहिल्या रांगेत घरच्यांसाठी राखलेली खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून तिनं तिच्यावर आपला कोट ठेवला होता. आमंत्रण इथेही आलं होतं. गाईंमुळे जमणार नाही, असं डाऊवेनं कळवलं होतं.

स्वयंपाकघरातून लोटे आली. डाऊवेची नवी सून, लग्नाला तीन महिने झालेली. या गोलात पहिल्यांदाच आलेली, त्यामुळे कुणाला चुकवायचं नाही असं ठरवूनच ती निघाली होती. सगळे तिचंही अभिनंदन करत होते, आजेसासूबाईंबद्दल. रेन्स्केपाशी येऊन ती थांबली.

"आणि तुमचं कशाबद्दल करू? तुम्ही आजींच्या कोण?"

स्ट्रासबर्गच्या न्यायालयात सतरा न्यायाधीशांपुढे प्रश्न हाच होता, ही बाई या घरची कोण. तिथे वकील म्हणून रेन्स्केनं एका वाक्यात उत्तर दिलं होतं, आणि तिचे विद्यार्थी ते वाक्य पाठ करत. पण इथे हे आपण सांगायचं नसतं, घरच्यांनी सांगायचं असतं. तिनं आजींकडे पाहिलं. आजी केकवरचा गुलाबी साखरेचा थर काट्यानं सोलण्यात गुंतल्या होत्या.

"त्या आमच्या प्रोफेसर," डाऊवे म्हणाला. "जपून बोल बाई, खटला भरतील."

सगळे हसले. रेन्स्केही हसली. त्यांच्या हसण्याचं तिला फारसं काही वाटलं नाही, आपण हसलो याचं वाटलं.

ती उठून संडासात गेली. तिकडे घरोघरी असतं तसं वाढदिवसांचं कॅलेंडर तिथे भिंतीवर होतं, पण हे नवं कोरं. तिनेकेनं जुन्यावरची सगळी नावं सुबक अक्षरात उतरवून आजींना भेट दिलेलं. नोव्हेंबरमध्ये निंके होती, नावापुढे लहानसा क्रूस. जुन्या कॅलेंडरवर चौदा मार्चला निंकेनं स्वतः, दोन घरं व्यापून, रेन्स्केचं नाव लिहिलेलं होतं. रेन्स्केनं मार्च उघडला. नऊ तारखेला खेर्ट, गुरांचा डॉक्टर. चौदाला, प्रोफेसर.

तिनं खिशातून पेन काढलं. मग परत ठेवलं. दुसऱ्याच्या घरच्या कॅलेंडरवर आपलं नाव आपण लिहायचं नाही, हे तिथे शेंबड्या पोरालाही कळतं.

बाहेर आली तर काठीवर रेलून आजी उभ्या.

"निघालीस?"

"हो. गाडी आहे पाचची."

"पोरीला उत्तर दिलं नाहीस."

"तुम्ही द्याल असं वाटलं," रेन्स्के म्हणाली. "एकतीस वर्षं वाटतंय."

आजींनी तिच्याकडे नीट पाहिलं. "मला काय कळतंय त्यातलं. मी सातवी शिकलेली," त्या म्हणाल्या, काठी तिच्या हाती दिली आणि संडासात जाऊन दार लावून घेतलं.

रेन्स्के काठी धरून उभी राहिली. म्हातारीला तशीच सोडून जाता येईना. शेजारच्या खोलीत पलंगावर पाहुण्यांच्या कोटांचा ढीग पडला होता, त्यात तिचाही कोट. बैठकीतून हसू येत होतं. निंके असती तर आता तिला शोधत बाहेर आली असती.

दार बोटभर उघडलं. फटीतून सुरकुतलेला हात बाहेर आला.

"पेन दे."

रेन्स्केनं दिलं. टोपण तिच्याच हातात राहिलं.

"या तिनेकेला अक्षर दिलंय देवानं, अक्कल द्यायची राहिली," आजी आतून म्हणाल्या. मग पेन खरडल्याचा आवाज आला, काहीतरी खोडत असल्याचा. "खोडलं. आता काय लिहू ते सांग."

रेन्स्के दाराशी वाकली. "निंकेची रेन्स्के," ती पुटपुटली.

बैठकीतलं हसू थांबलं होतं. बशीवर चमचाही वाजत नव्हता.

"मोठ्यानं बोल," आजी आतून ओरडल्या. "काल चारशे जणांना ऐकू गेलं म्हणे."