चाळीस उड्डाणं

उषाचं लग्न झालं त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे अठ्ठावन्नात, तिचा धाकटा भाऊ श्रीपाद इंदूरच्या धावपट्टीवर जयसिंगरावांकडून विमान सावरायला शिकत होता. वेग फार पडला की पंख हवा सोडतात, विमान कोसळू लागतं. त्याच्या जरा आधी विमानात इशाऱ्याची एक बारीक, चिरकी शिट्टी वाजते. शिट्टी वाजली की दांडा पुढे, नाक खाली.

श्रीपादला ती ऐकू येत नसे. टायफॉइडनंतर बोलणं नीट कळे, बारीक आवाज मात्र गेले होते. डॉक्टरी तपासणीत ते निसटलं. त्याने तोड काढली. वेगाचा काटा घसरला की शेजारी बसलेले जयसिंगराव मान वळवून टक लावून त्याच्याकडे बघत. तीच त्याची शिट्टी. तो दांडा पुढे लोटी.

"वा भिया! क्या कान आहेत तुझे!" जयसिंगराव म्हणत.

प्रवासी विमानावर नेमणुकीचं पत्र आलं. घरी पेढे वाटून झाले. शिकवणी पुरी झाल्याच्या दाखल्यावर जयसिंगरावांची सही तेवढी राहिली होती. त्यांनी पेन उघडलं आणि श्रीपादच्या डोळ्यांपुढे विमानात आपल्या पाठीमागे बसणारी माणसं आली, बायका, पोरं.

"सर, मला शिट्टी ऐकू येत नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत की मी दांडा लोटायचो."

पेन थांबलं.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"किती वेळा गेलो रे आपण वर?"

"चाळीस वेळा, सर."

जयसिंगरावांच्या कपाळावर घाम फुटला. "घरी जा," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी उडणं सोडलं.

"बढिया काम केलंस, भिया," धावपट्टीवर विमानं दुरुस्त करणारा चिंतामण मिस्त्री म्हणाला. "एवढा मोठा उस्ताद, जमिनीवर बसवलास!"

श्रीपाद शहरातच, पलासिया भागात एका कचेरीत चिकटला. जयसिंगराव दिसले की तो मान खाली घालून रस्ता ओलांडी. कधी कधी तेच आधी ओलांडत. एवढा राग, असं त्याला वाटे.

नऊ वर्षांनी जयसिंगरावांच्या पत्नी भानुमतीबाईंनी त्याला जुनी इंदूर भागातल्या घरी बोलावलं. नवऱ्याचा तेरावा नुकताच झाला होता.

"हे तुला द्यायला सांगून गेले," त्या म्हणाल्या. "स्वतः द्यायची लाज वाटायची त्यांना."

पाकिटात कानाच्या डॉक्टरची जुनी चिठ्ठी होती.

जयसिंगराव चौदा मार्च एकोणीसशे सदुसष्टला वारले. शिट्टी त्यांना छप्पन सालापासून ऐकू येत नव्हती.