प्रमाण वजन

काटेसाहेबांनी बायकोच्या उजव्या दंडावर दुसरी चकती दाबून बसवली आणि घड्याळात बघून वहीत वेळ लिहिली. डाव्या दंडावर पहिली चकती आधीच बसली होती.

“पण मला कशाला?” तिने विचारलं. “साखर तुम्हाला आहे.”

“म्हणूनच तुला,” ते म्हणाले.

काटेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं ते वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतले तराजू आणि वजनं तपासायची, हे काम. बाजारपेठेने ठेवलेलं नाव निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं. दुकानात शिरले की नमस्काराच्या आधी त्यांचा प्रश्न यायचा, यावर तपासणीचा शिक्का कुठल्या सालचा? शिक्का जुना निघाला की दुकानदार हात जोडून ठरलेलं उत्तर द्यायचा, साहेब, वजन चांगलं आहे, कधी तक्रार नाही. काटेसाहेबांचंही उत्तर ठरलेलं होतं. वजन स्वतःहून तक्रार करत नसतं, असं म्हणून ते वजन जप्त करायचे.

आता त्यांच्या स्वतःच्याच तपासणीची पाळी आली होती. साखर वरखाली होत होती. डॉक्टरांनी सांगितलं, दंडावर चिकटवायचं यंत्र घ्या, ते दर पाच मिनिटांनी साखर मोबाईलवर दाखवतं, त्यावरून औषधाचा डोस ठरवू. बाजारात दोन कंपन्यांची यंत्रं होती. काटेसाहेबांनी दोन्ही आणली आणि दोन्ही दंडांना एकेक लावली. डावं म्हणालं एकशे चाळीस, उजवं म्हणालं एकशे सत्तर. बोटाला टोचून थेंब तपासला तर एकशे पंचावन्न. माणूस एक, साक्षीदार तीन आणि जबान्याही तीन. डॉक्टर हसून म्हणाले, एवढा तेवढा फरक चालायचाच, कुठलंही एक वापरा. एवढ्या तेवढ्या फरकापायी काटेसाहेबांनी भल्याभल्यांच्या दुकानांना टाळं लावलं होतं. त्यांना ते उत्तर चांगलंच झोंबलं.

दोन काटे भांडायला लागले की त्यांच्यावर खात्रीचं वजन ठेवून बघायचं, हे शास्त्र त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. आणि घरात खात्रीचं काही असेल तर ती बायको. चाळीस वर्षांत तिने डोकेदुखीची गोळीसुद्धा घेतली नव्हती. जे यंत्र तिची साखर नीट शंभरच्या आसपास दाखवील ते प्रामाणिक, दुसरं घरी पाठवायचं.

“तू माझं प्रमाण वजन,” त्यांनी तिला समजावलं. चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून निघालेलं हे सगळ्यात मोठं कौतुक होतं. तिने खुशीने दोन्ही चकत्यांवर बाह्या खाली ओढल्या.

जेवणानंतर दोन तासांनी डावं यंत्र म्हणालं दोनशे अडुसष्ट. उजवं म्हणालं दोनशे एकाहत्तर. दुसऱ्या दिवशी सकाळी अनशापोटी एकशे एकाहत्तर आणि एकशे एकोणसत्तर. साहेबांच्या दंडांवर एकमेकांचं तोंड न बघणारी यंत्रं बाईंच्या दंडांवर गळ्यात गळे घालून बसली होती. दुसरा एखादा घाबरला असता. काटेसाहेब संतापले. धडधाकट बाईची एवढी साखर दोघांनी सारखीच दाखवली, म्हणजे कंपन्यांचं संगनमतच. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

आठ दिवस त्यांनी डोळ्यांत तेल घालून नोंदी केल्या. या आठ दिवसांत बायको पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसत होती. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबत होती. नव्या चपलेने टाचेला पडलेला फोड महिना झाला तरी सुकत नव्हता. कपडे सैल झाले म्हणून ती पिना लावत होती, तेव्हा काटेसाहेबांनी वहीतून मान वर करून, या वयात अंग असंच उतरलं पाहिजे, अशी शाबासकीही दिली होती. मग त्यांनी दोन्ही कंपन्यांना चार चार पानी तक्रार पाठवली.

एका कंपनीने उत्तर दिलं नाही. दुसरीने एक तरुण तंत्रज्ञ मुलगी पाठवली. तिने तक्रार निमूटपणे ऐकून घेतली. वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. मग पिशवीतून आपलं बोटाला टोचायचं मशीन काढलं आणि काकूंच्या बोटाचा थेंब घेतला. काटेसाहेब चष्मा सावरून पुढे वाकले.

दोनशे चौऱ्याहत्तर.

हेही बिघडलेलं आहे, ते म्हणाले.

मुलीने नवी सुई घेतली आणि स्वतःच्या बोटाला टोचली. शहाण्णव.

मुलीने काकूंना हळू आवाजात विचारलं, तहान फार लागते का, रात्री उठावं लागतं का, थकवा येतो का. स्वयंपाकात मीठ जास्त पडल्याची कबुली द्यावी तसं बायको प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत गेली. टाच तिने आपणहून दाखवली. ही टाच काटेसाहेब महिनाभर रोज बघत होते.

मुलगी त्यांच्याकडे वळली.

“काका, काकूंची शेवटची तपासणी कुठल्या साली झाली?”

काटेसाहेबांनी वही ओढली. दर तीन महिन्यांची त्यांची स्वतःची तपासणी तिथे लाल शाईत तारखेनिशी होती. ते पानं मागे उलटत गेले. पहिलं पान आलं, मग पुठ्ठा आला. त्यांनी वही मिटली, आणि त्यांच्याही नकळत त्यांचे हात जोडले गेले.

“तिची,” ते म्हणाले, “कधी तक्रारच नव्हती.”