रस्त्याची साक्ष

डांबरात पुरलेले संवेदक प्रत्येक चाकाची नोंद ठेवत. ती नोंद न्यायालयात साक्ष म्हणून चालावी, यासाठी सुलभाताई खरात आठ वर्षं मिरजेच्या चौकाचौकांत सह्या गोळा करत फिरल्या. कायदा झाला आणि पहिली फाईल उघडली ती त्यांच्याच मुलीची, स्कूटरच्या अपघातात गेलेल्या रेणुकाची.

न्यायालयाच्या कचेरीतलं यंत्र सपाट आवाजात रस्त्याची नोंद वाचू लागलं, "स्कूटर लाल दिव्याला थांबली नाही. वेग चौसष्ट. समोरच्या टेम्पोला हिरवा दिवा होता. टेम्पोचालकाने ब्रेक दाबला होता."

सुलभाताईंनी ते पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदाही तेच ऐकू आलं.

कारकून हळूच म्हणाला, "ताई, तुमच्यामुळे हा कायदा आला. ही फाईल मागे घेतलीत तर कुणी विचारणार नाही."

"म्हणजे माझ्यासाठी कायदा वेगळा?" नोंद साक्ष म्हणून दाखल करण्याच्या कागदावर त्यांनी सही केली.

बाहेर बाकावर टेम्पोचालक इस्माईल मुजावर बसले होते. त्या अपघातामुळे परवाना गेल्यापासून ते हमाली करत. सुलभाताई दिसताच ते धडपडत उठले. "ताई, माफ करा. त्या दिवशी माझा पाय वेळेत ब्रेकवर गेला नाही."

"गेला होता, भाऊ. चूक माझ्या रेणूची होती."

मुजावरांनी त्यांना बाकावर बसवलं आणि पोटभर रडू दिलं.