तिसरी कॉलर

कॉलर पुन्हा चावलेली होती. या सहामाहीतली तिसरी. टेलरबाईंनी शर्ट दिव्याखाली धरून पाहिला. डावं टोक पार गेलं होतं, कापडाची सुतं निघाली होती आणि कॉलर ताठ ठेवणारं आतलं बकरम लाळेनं भिजून लिबलिबीत झालं होतं. बरं, हे काही परक्या पोरीचं नव्हतं, की शिलाई सांगावी आणि गप्प बसावं. शर्ट त्यांच्याच बिट्टीचा. बिट्टी चौथीत. मशीनसमोरच्या स्टुलावर ती बनियनवर बसली होती, शर्टाची वाट बघत. बघत म्हणजे काय, नुसती बसली होती.

चावलेल्या कॉलरीचं बाईंना नवल नव्हतं. शाळेचे गणवेश शिवण्यात आणि दुरुस्त करण्यात त्यांची हयात चालली होती. आया यायच्या, 'काय मेली खोड लागलीय बघा' म्हणायच्या. बाई टाके उसवायच्या, कॉलर उलटवायच्या, चावलेली बाजू आत दडवून वरून शिवून टाकायच्या. दिसायला कोरी करकरीत. शिवाय सल्ला फुकट. पोरांनी नखं खाऊ नयेत म्हणून औषधाच्या दुकानात कडू थेंब मिळतात, ते कॉलरीला चोळा, चार दिवसांत खोड जाते की नाही बघा. हे त्या अगदी पैजेवर सांगायच्या.

बिट्टीची पहिली कॉलर त्यांनी उलटवली होती, दुसरी नवी बसवली होती. या तिसरीला तर रोज सकाळी न चुकता थेंब चोळले होते. बाईंना शंका आली. दुकानदारानं पाणी तर विकलं नाही? त्यांनी कॉलरीला जिभेचं टोक लावलं.

शिसारीच आली. तांब्याभर पाणी प्यायल्या तरी जीभ सरळ होईना.

"बिट्टे, हे कडू लागत नाही का गं तुला?"

"लागतं."

"मग कशाला चावतेस?"

"वाचनाच्या तासाला जाते तोंडात. आपोआप."

एरवी बाईंनी इथेच तोंडाचा पट्टा सोडला असता. पण तोंडात ती चव बसली होती, बोलायला जीभ वळेना. म्हणून मग त्यांनी एवढंच विचारलं, "काय असतं त्या तासाला?" तीन कॉलरी झाल्या, हे त्यांनी आज पहिल्यांदा विचारलं.

बिट्टीनं सांगितलं. दुसऱ्याच कुणाचं माप सांगावं तशा आवाजात.

"उभं राहून मोठ्यानं वाचायचं. एकेकानं एक परिच्छेद. माझ्या आधी सात जण आहेत, म्हणजे आठवा माझा. मी तो मनातल्या मनात पाठ करून ठेवते. काल एक जण आलाच नाही."

"मग?"

"मग मला सातवा आला."

बाईंनी मशीनच्या चाकावर हात ठेवला. चाक फिरवलं नाही.

"पहिलाच शब्द जोडाक्षराचा होता," बिट्टी म्हणाली. "सगळे हसले. सर नाही हसले. सर म्हणाले, बस खाली, पुढचा कोण. आता उद्या नवीन धडा आहे. मी उद्यापासून जाणार नाही, आई."

पोरगी रडली असती, पाय आपटले असते, पोटात दुखतंय म्हणाली असती, तर बाईंकडे एकास एक उपाय होते. हे तसं नव्हतं. दुकान बंद करणाऱ्या माणसानं शांतपणे शटर ओढावं तसं ती बोलली होती. बाईंना भीती वाटली. स्वतःची लाजही वाटली, पण तीही लांबूनच, बधिर झालेल्या बोटाला सुई टोचावी तशी. पोरीनं त्या वर्गात धरायला एक आधार शोधला होता, आणि त्यालाच त्यांनी रोज सकाळी स्वतःच्या हातानं कडू चोळलं होतं.

"सकाळी मी येते तुझ्याबरोबर," त्या म्हणाल्या. "सरांना सांगते. तुला कुठला परिच्छेद, ते आदल्या दिवशीच सांगत जा म्हणते. नाही कसे सांगत बघू."

"आणि पोरं हसली तर?"

बाईंनी शर्ट बाजूला सारला. "धडा आण तो."

बिट्टीनं पुस्तक आणलं, पान काढलं आणि ती उभी राहायला लागली.

"तू नको. मी वाचते. तू बस आणि ऐक."

बाई वहीत मापं लिहीत, गिऱ्हाइकांची नावं लिहीत. त्यापलीकडे छापील मजकुराशी त्यांचा संबंध शाळा सुटली तेव्हाच सुटला होता. का सोडली, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. पहिली ओळ निघाली. दुसऱ्या ओळीत एक लांबलचक शब्द आडवा आला. बाईंनी एकदा सुरुवात केली, अर्ध्यात सोडली. पुन्हा केली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. कामं पडलीत म्हणावं आणि पुस्तक मिटावं, असं मनात येऊन गेलं.

बिट्टी स्टुलावरून उतरली आणि त्यांना खेटून उभी राहिली. तो शब्द तिला येत होता की नाही कोण जाणे. तिनं तो सांगितला नाही. नुसतं त्याच्याखाली बोट ठेवलं.

"थांब हवं तर, आई," ती म्हणाली. "इथे कुणी हसत नाही."